दोन इंचाला सूत कमी

"माझ्या मानेचा मणका बसला, पण ह्याच्या काडीला माप काय बसत नाय," गोजाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटली.

दोघी डोहात घोट्याएवढ्या पाण्यात वाकून हंडे बुडवत होत्या. दहा पावलांवर उंबराखाली गोजाबाईचा नवरा पुंजा उकिडवा बसला होता. त्याच्या पुढ्यात पेट्रोलवर चालणारं पाण्याचं मशीन, मांडीवर सुतळीचं भेंडोळं.

"आत्या, हळू. मामांना ऐकू जाईल," योगिता म्हणाली.

"जाऊ दे गेलं तं. कान शाबूत हायत त्याचं."

योगितानं हंडा डोक्यावर घेतला, त्यावर दुसरा ठेवला आणि कळशी कमरेला लावली. डोहापासून मोगऱ्यापर्यंत उभा चढ. पायाखाली मुरूम सुटलेला, चप्पल घातली तर घसरते आणि काढली तर भाजते. वर दहा गुंठ्यांत मोगऱ्याची चारशे झाडं. एका खेपेत तीस झाडांना दीड-दीड तांब्या. झाड ओलं होतं आणि तुम्ही पाठ वळवेपर्यंत बुडखा पुन्हा कोरडा दिसतो. पोशेरा गावाच्या बाजूला एप्रिलचं ऊन असंच असतं, दिलेलं पाणी झाडाआधी तेच पितं.

सोमवारी कॉलर फुटली होती. मशीनचं तोंड आणि वर जाणारा काळा पाईप यांना जोडणारा प्लास्टिकचा एवढासा तुकडा. एका बाजूला आटे, ते मशीनच्या तोंडावर फिरवायचे. दुसऱ्या बाजूला पाईप. उन्हानं तडकली आणि मशीन चालू असतानाच तिचे दोन तुकडे उडाले. योगिताच्या नवऱ्यानं, उमेशनं, सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, वरून तार आवळली. चढावरचं पाणी तसल्या बांधणीला जुमानत नाही. ट्यूब बेडकासारखी फुगली आणि फुटली.

मग कामात पुंजा पडला. पुंजा पडणारच होता. आसपासच्या बारा पाड्यांचा तो मिस्त्री.

पाड्यावर माप न्यायची रीत काडीची. पोराला चप्पल आणायची, काडी. तपेल्याला झाकण आणायचं, काडी. बांबूची कांबटी साळायची, वस्तूवर आडवी धरायची, बरोब्बर तोडायची, टोपीत खोचायची आणि बाजार गाठायचा. तीन पिढ्यांत काडी खोटी ठरलेली नव्हती. पुंजानं मशीनच्या तोंडावर कांबटी आडवी धरली, नखानं खूण केली, विळ्यानं तोडली आणि मुलाच्या हातात दिली. "ही दे दुकानात. जास्त बोलू नको, त्यांला समजतं."

उमेश जीपनं जव्हारला गेला, काडी दिली आणि सांगितल्याप्रमाणे जास्त बोलला नाही. दुकानदारानं काडीला टेप लावली. "दोन इंचाला एक सूत कमी," तो म्हणाला. इंचाचे आठ सूत, त्यातला एक कमी. "असलं माप कोणी बनवत नाही. दोन इंची घेऊन जा."

ती दोन इंची कॉलर आता मशीनच्या तोंडावर होती, बापाचा बूट पोरानं घालावा तशी. आटे आट्यांना शिवतसुद्धा नव्हते. पुंजानं मधली जागा सुतळीनं भरायला घेतली होती. सुतळी, वर गळती बुजवायचा सफेदा, पुन्हा सुतळी. सकाळपासून अर्धं भेंडोळं संपलं होतं.

योगिता तिसऱ्या खेपेला खाली आली तेव्हा उमेश मशीनची दोरी ओढायला उभा होता.

"बाबा, पाईपाच्या बाजूलापण ढिलंच हाय."

"तिथंपण सुतळी घातली ना."

"पण बाबा—"

"ओढ."

उमेशनं ओढली. मशीन खोकलं, मग घुमलं. पाईप हलला, सापानं अंग ताठ करावं तसा ताठ झाला. गोजाबाईनं सवयीनं हात जोडले. तेवढ्यात फाट्कन आवाज झाला. कॉलर उडून पुंजाच्या नडगीवर बसली आणि पाण्याचा लोट त्याच्या छातीवर. टोपी वाहत डोहात गेली. सुतळी गळ्यात माळेसारखी पडली.

उमेशनं मशीन बंद केलं. पुंजा डोळ्यांतलं पाणी पुसत राहिला.

"झाडांना नाय तं नाय," गोजाबाई म्हणाली, "तुला तरी मिळालं."

"सुतळी जुनी होती," पुंजा म्हणाला.

योगितानं हंडे भरले. तिला हसूही येत होतं आणि त्या हंड्यातलं पाणी कुणाच्या तरी डोक्यावर ओतावंसंही वाटत होतं. दोन्ही न करता ती चढाला लागली.

*

संध्याकाळी उमेश टेकडीवर जाऊन आला. पाड्यात फोनला रेंज नाही, ती टेकडीवरच्या खडकावर मिळते. आला तो चुलीपुढं बसला आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून राहिला.

"मुकादमाचा फोन होता. भिवंडीच्या साईटवर माणसं कमी हायत. रविवारी सकाळी गाडी येईल बोलतो. जोडी पायजे."

जोडी म्हणजे नवरा-बायको. योगितानं तव्यावरची भाकरी उलटली. नाचणीची भाकरी, कडेनं चिरली होती.

सहा वर्षं ती जोडी होती. दिवाळी संपली की घराला कडी, आणि मग कुठल्याशा अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या पायाशी निळ्या प्लास्टिकखाली संसार. डोक्यावर तिथंही घमेलंच, फक्त पाण्याऐवजी सिमेंट. मग मोगरा लावला. मोगरा उन्हाळ्यात कळी देतो, म्हणजे ज्या महिन्यांत पाडा रिकामा होतो त्याच महिन्यांत घरी काम. दोन उन्हाळे ती आपल्या छपराखाली झोपली होती. झाडं जगली तर तिसराही. आठ दिवस पाणी तुटलं की कळी गळते, पंधरा दिवस तुटलं की झाड बसतं. हे हिशेब तिला कोणी शिकवावे लागत नव्हते.

"शनिवारपर्यंत मशीन चालू होईल," ती म्हणाली.

"झालं तं झालं," उमेश म्हणाला. "नाय झालं तं हंड्यानं चारशे झाडं कवर जगवशील?"

ओट्यावरून पुंजा म्हणाला, "होतंय. माप जरा चुकलंय, बाकी काय नाय."

त्याला 'मिस्त्री' म्हणायला लोक काही उगीच लागले नव्हते. हातपंप बंद पडला की माणूस पुंजाकडं यायचा, आणि पुंजा असेल तसा उठायचा. खांद्यावर पाना, चालत सहा सहा मैल. पैसे घेत नसे, जेवण देतील ते खाई. शेजारच्या वामनच्या आईच्या माहेरच्या पाड्यावर ऐन लग्नाच्या दिवशी पंप अडला होता, तेव्हा हळद लागलेल्या नवरीच्या आंघोळीचं पाणी पुंजानं काढून दिलं होतं. असल्या माणसाला कोण काय बोलणार?

फक्त हातपंपाची एक गंमत होती, आणि ती सरकारनं पाठवलेल्या मेकॅनिकाला ठाऊक होती तशी घरातही सगळ्यांना ठाऊक होती. हातपंपाच्या वरच्या अंगाचे सगळे बोल्ट एका नंबरचे. एक सतरा-एकोणीसचा पाना घेतला की एका टोकानं सगळा पंप उघडतो आणि मिटतो. पुंजाचा पाना तोच. तीस वर्षांत दुसऱ्या पान्याची गरज पडली नाही, आणि त्या पान्यावरचा आकडा बघायचीही पडली नाही.

*

शुक्रवारी उजाडायच्या आत योगिता आणि गोजाबाई कळ्या खुडत होत्या. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, उमलली की बाजारात तिला किंमत नाही. टोपली भरत नव्हती. रोज अर्धी व्हायची, तिचा आज जेमतेम तळ झाकला होता, आणि कळ्या बारीक, पिवळट देठाच्या.

"ज्वारीच्या दाण्याएवढ्या," गोजाबाई म्हणाली. "ह्यांला कोण विचारील?"

योगिताच्या हातात बांगड्या वाजत होत्या. चार हिरव्या. गेल्या महिन्यात जव्हारच्या बाजारात घेतल्या होत्या. बांगडीवालीनं तिचा पंजा दाबून बघितला आणि काडीबिडी काही न लावता म्हणाली होती, दोन-सहा. बसल्या बरोब्बर. ती कळी खुडता खुडता थांबली.

"आत्या, बांगडीचं माप कुठलं गं? आतलं का बाहेरचं?"

"आतलं. बाहेरचं काय करायचं? हात आत जातो."

"आणि जाड बांगडी घेतली तं?"

"तरी दोन-सहा ती दोन-सहाच. तुला पहाटेपहाटे बांगड्या सुचतात."

योगिता टोपली तशीच ठेवून डोहाकडं गेली. पुंजा आधीच तिथं होता. पाण्यात गेलेली टोपी सापडली होती, ती फांदीवर वाळत होती.

"मामा, एक बोलू का? दुकानात माप आतल्या पोकळीचं धरत असतील. बांगडीसारखं. आपली काडी बाहेरून लावली."

पुंजानं मशीनकडं बघितलं, तिच्याकडं नाही. "बांगडीसारखं," तो म्हणाला. त्यानं तो शब्द असा उच्चारला की योगिताला आपल्या हातातल्या चारही बांगड्या मागं लपवाव्याशा वाटल्या.

तिनं वाट बदलली. "नायतं असं करू. मशीनचं तोंडच काढून जव्हारला नेऊ. चार बोल्ट तं हायत. तोंड दुकानात ठेवायचं, त्याला बसेल ते आणायचं. मापाची भानगडच नाय."

पुंजानं फांदीवरची टोपी उलटून पुन्हा वाळत टाकली. मग जेवायच्या वेळी उमेशला म्हणाला, "मी काय ठरवलंय, तोंडच काढून न्यायचं." गोजाबाईनं सुनेकडं बघितलं. सुनेनं आमटी वाढली.

*

तोंडाचे बोल्ट बारीक होते. सतरा-एकोणीसचा पाना त्यांच्याभोवती विहिरीत बादली फिरावी तसा फिरला. म्हणून वामनला बोलावलं. वामन ठाण्याला अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचा, पाठीचं दुखणं घेऊन परत आला होता. येताना त्यानं एक लोखंडी पेटी आणि बॅटरीवरचं ड्रिल मशीन आणलं होतं. पेटी उघडली की पाड्यातली माणसं चहा टाकून बघायला येत.

पेटीत पाने होते बरेच, पण कुणा कुणाकडून जमवलेले. काहींवर आठ, दहा, तेरा असे आकडे. काहींवर आकड्याखाली आकडा, मधे आडवी रेघ. ते इंचाचे, वामन म्हणाला, जुन्या साहेबी मशीनचे.

पुंजानं दोन-तीन पाने उचलून बोल्टावर ठेवले. तेराचा सैल बसला. दहाचा बसेचना. मग रेघवाला एक बसल्यासारखा वाटला.

"चार सुती," वामननं वाचलं. "दादा, तो अर्ध्या इंचाचा हाय. हे मशीन एमएमचं असणार. बारा नंबर पायजे बहुतेक. माझ्याकडचा बारा हरवलाय, पण मोखाड्याला—"

"बसला ना?" पुंजा म्हणाला.

"बसलाय तसा. जरा खेळतोय."

"खेळू दे."

पहिला बोल्ट निघाला. दुसरा निघाला, कुरकुरत. तिसऱ्याला पुंजानं पान्यावर पाय दिला, तोही निघाला. पुंजाच्या कपाळावरचा घाम हनुवटीवरून पान्यावर टपकत होता आणि तो काही बोलत नव्हता, पण त्याची मान जरा वर झाली होती. योगितालाही क्षणभर वाटलं, झालं.

चौथा गंजलेला होता. पाना लावला, दाब दिला, आणि पाना कर्रर्र करून फिरला. बोल्ट जागचा हलला नाही. पुंजानं पुन्हा लावला. पुन्हा कर्रर्र. प्रत्येक आवाजाला योगिताच्या दातांना कळ गेली. बोल्टाच्या डोक्याचे सहा कोपरे होते, त्यातले दोन गेले. मग चार.

"दादा..." वामन म्हणाला.

"काय?"

"काय नाय. ऊन लय हाय आज."

आणखी दोनदा फिरल्यावर डोकं करवंदासारखं गोल झालं. आता त्याला जगातला कुठलाच पाना धरणार नव्हता. पुंजानं रागानं सुट्टं झालेलं तोंड दोन्ही हातांनी पिरगळलं, एका बोल्टावर ते अर्धं फिरलं आणि आतली, गळती अडवणारी रबर टरकन फाटून बाहेर आली.

सगळे ती रबर बघत राहिले. मग प्रत्येकाला दुसरीकडं बघायचं काहीतरी सापडलं. वामन पाने पेटीत लावायला लागला, मोठ्यापासून लहान, जणू तो क्रम आज चुकून चालणार नव्हता. उमेशनं विडी काढली. गोजाबाई म्हणाली, "लोखंडच हलकं हल्ली." तिनं हे नवऱ्यासाठी म्हटलं हे योगिताला कळलं, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

*

शनिवारी सकाळच्या जीपनं योगिता स्वतः गेली. पुंजाला विचारलं नाही. जाते म्हणून सांगितलं, तेही गोजाबाईला, ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पदराला एक सुटा बोल्ट बांधला होता. उमेशच्या फोनवर मशीनचे फोटो. जीपमध्ये तिला बोनेटजवळ जागा मिळाली, म्हणजे अर्धी. गुडघ्यावर कुणाची तरी कोंबडी होती.

दुकानदार गिऱ्हाइकांच्या गर्दीतून तिच्याकडं बघून म्हणाला, "मावशी, खिळे तिकडं."

"खिळे नको. दोन इंची कॉलर परत करायची हाय आणि बरोबरची न्यायची हाय."

"ही सफेदा लागलेली? ही कोण परत घेणार?" मग त्यानं फोन हातात घेतला, फोटो मोठा केला. "हा दीड इंची पंप आहे. दोन इंची कोणी सांगितली?"

"तुम्हीच दिलीत. काडीवर."

"काडीवर!" दुकानदार शेजारच्या गिऱ्हाइकाकडं बघून हसला. "अहो, मशीनच्या तोंडाचं नाव आतल्या पोकळीवरून असतं. दीड इंची. बाहेरून मोजाल तर दोनाला सूत कमीच येणार."

"म्हणजे बांगडीसारखं."

दुकानदार हसायचा थांबला. "हो. तसंच."

"मग काळ्या पाईपावर पन्नास लिहिलंय ते आतलं?"

"नाही, ते बाहेरचं. आणि एमएममध्ये."

"मग त्या पन्नासाला ही दीड इंची कशी बसंल?"

"तीच बसते. पन्नासाचा पाईप म्हणजे दीड इंची."

योगितानं कपाळावरचा घाम पुसला. "एक आतून मोजायचं, एक बाहेरून. एक इंचात, एक एमएममध्ये. आणि दोन्ही एकच?"

"हो."

"हे कुणी ठरवलं?"

"मी नाही ठरवलं, बाई," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला, जणू हे कुणीतरी विचारावं म्हणून तो बरीच वर्षं थांबला होता. त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

तिनं पदराची गाठ सोडली. बोल्ट काउंटरवर ठेवला. दुकानदारानं एका चिमटीसारख्या पट्टीत तो धरून बघितला. "आठचा बोल्ट. डोकं बाराचं."

"आठचा का बाराचा? एक काय ते सांगा."

"दांडा आठ, डोकं बारा. बोल्ट घ्यायचा तर आठ म्हणून मागायचा. खोलायचा तर बाराचा पाना मागायचा."

"आणि डोकं गोल झालं असंल तं?"

दुकानदारानं 'कोणी केलं' असं विचारलं नाही. योगिताला त्याबद्दल तो बरा वाटला. "मग ड्रिल. डोक्याच्या मधोमध भोक पाडायचं, हळूहळू. बिट मात्र दांड्यापेक्षा बारीक पाहिजे. दोन सुती चालेल. तीन सुती घातलं, तर बोल्टाबरोबर मशीनचे आटेही जातील. अॅल्युमिनियम आहे, लोण्यासारखं कापतं. मग मशीन भंगारात."

ती जीपमध्ये बसली तेव्हा तिच्या पिशवीत काळ्या पाईपाचा खरा जोड होता, बाराचा पाना होता, बोल्ट होता, रबरेचा तुकडा होता. कोंबडी नव्हती म्हणून मांडी मोकळी होती. ती सगळी वाट स्वतःशी म्हणत आली: पाना डोक्याचा, ड्रिल दांड्याचं, तोंड आतलं, पाईप बाहेरचा. म्हणताना तिला राग येत होता. एवढंच होतं, आणि एवढ्यासाठी पाच दिवस दोन बायकांच्या माना मोडल्या होत्या.

*

दुपार कलली होती. उंबराखाली वामन ड्रिल घेऊन बसला होता, पुंजानंच निरोप धाडला होता. ड्रिल करायचं हे त्यालाही सुचलं होतं, आणि त्यामुळं तो सकाळपासून जरा उजळला होता. उमेशचं गाठोडं ओट्यावर बांधून तयार होतं. योगिता येताना ते बघून आली होती. त्यात तिचं पातळही होतं.

तिनं जोड काढून पाईपाला लावून बघितला. बसला. मशीनच्या तोंडावर दोन आटे फिरवून बघितला. बसला, कुरकूर न करता. उमेश वाकून बघत राहिला. "आयला," तो म्हणाला.

"आता एवढा बोल्ट निघाला की रबर घालायची, झालं," योगिता म्हणाली. "मामा, दुकानदार बोलला दोन सुतीचं बिट घाला."

पुंजा ड्रिल हातात घेऊन बघत होता. वामनच्या डबीत बिटं होती, शिवणाच्या सुयांसारखी लहानमोठी. पुंजानं त्यातलं जाडसं उचललं.

"हे तीन सुती, दादा," वामन म्हणाला.

"भोक मोठं तं बोल्ट लवकर निघतो."

"दुकानदार बोलला—" योगिता म्हणाली.

"दुकानदारानं कवा भोक पाडलंय? गल्ल्यावर बसतो तो." पुंजानं बिट वामनपुढं धरलं. "घाल."

वामननं बिट घेतलं. त्यानं उमेशकडं बघितलं. उमेशनं आईकडं. गोजाबाईनं मांडीवरच्या सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि पुन्हा सुपातच टाकला.

"तुम्ही सांगाल तसं, दादा," वामन म्हणाला, आणि त्यानं बिट आवळलं.

योगितानं सुटा बोल्ट बिटाशेजारी धरला. आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं, बिट बोल्टाच्या दांड्याहून जाड होतं. तिनं तो पुंजाच्या डोळ्यांपुढं धरला. पुंजानं मान वळवली.

ड्रिल सुरू झालं. पुंजाच्या मनगटांवरच्या शिरा वर आल्या. गोल डोक्यावर बिट टेकलं, थरथरलं आणि घसरलं. मशीनच्या अंगावर चकचकीत पांढरा ओरखडा उठला, तिरपा. त्यानं पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं, आता ओरखडा बोल्टाच्या कडेला. अॅल्युमिनियमचा भुगा त्याच्या पायांच्या बोटांवर पडला.

उमेश म्हणाला, "बाबा..."

योगितानं मशीनवर हात ठेवला. पंजा उघडा, त्या बोल्टावरच. ड्रिल तिच्या बोटांपासून वीतभर होतं आणि अजून फिरत होतं.

"सूनबाई, हात काढ."

ती हलली नाही. तिला बोलायचं होतं. जिभेवर सगळं तयार होतं, जीपमधून येताना पाठ केल्यासारखं. पण समोर म्हाताऱ्याचे हात होते, कोपरापर्यंत काळे, आणि ते हात तिनं दुसऱ्यांच्या पाड्यांवर दुसऱ्यांच्या पाण्यासाठी राबताना बघितले होते. आपला हात मात्र तिनं काढला नाही.

"हात काढ म्हंतो ना!"

गोजाबाईनं सूप खाली ठेवलं. वामननं डबीचं झाकण लावलं, उघडलं, लावलं. वर मोगऱ्याच्या ओळी उन्हात फिकट दिसत होत्या.

पुंजाचं बोट घोड्यावरून सैल झालं. ड्रिल फिरत फिरत थांबलं. तो सुनेच्या पंजाकडं बघत होता, मग एकेकाच्या तोंडाकडं बघू लागला. उमेशच्या, वामनच्या, बायकोच्या. ज्याच्याकडं तो बघे तो खाली बघे. असं सगळ्यांचं झालं. त्यानं ड्रिल गवतावर ठेवलं, हळू, झोपलेलं पोर ठेवावं तसं. मग धोतराला हात पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिला.

"मला यातलं काय येत नाय," तो म्हणाला. "सोमवारीच येत नव्हतं."